कपाटाचं बाळंतपण

त्याला सगळे कपाट म्हणत. आईबापांनी ठेवलेलं एक बऱ्यापैकी नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. विशीत असताना एकदा जिन्याच्या मध्यावर जोडीदाराचा पाय घसरला आणि तीन दारांचं भरभक्कम कपाट याच्या एकट्याच्या अंगावर आलं. यानं ते टाकलं नाही आणि स्वतःही पडला नाही. घाबरून ओरडला मात्र असा, की वरच्या खालच्या सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. पुढे लोक ते ओरडणं विसरले आणि कपाट तेवढं लक्षात ठेवलं. पुरुषाचं काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं, हे लोकांचं आधीच ठरलेलं असतं. यालाही ते नाव आवडायचं, त्यामुळे तेच चिकटलं.

धंदा सामान हलवण्याचा. लोक घर बदलतात आणि हे त्यांचं घर पाठीवरून उतरवतात, ट्रकमध्ये रचतात, दुसरीकडे नेऊन चढवतात. टोळी बापानं उभी केलेली. बापाला सगळे मुकादम म्हणत, आणि कंबर कामातून गेल्यावरही म्हणत राहिले. मुकादमानं पोराला हे काम शिकवलं ते एका नियमापासून. जिन्यावरून जड वस्तू न्यायची तर दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरच्याला वाट दिसते, म्हणून बोलायचं त्यानं. 'घे', 'दम', 'वळ', 'टेक', एवढंच. खालच्याच्या नाकासमोर नुसतं लाकूड असतं. त्याला काही दिसत नाही, पण वजन मात्र सगळं त्याच्यावर, आणि त्यानं चकार शब्द काढायचा नाही. दोघं बोलायला लागले की कपाट जिन्यात अडकतं, हे मुकादमाचं ब्रह्मवाक्य. बापाची कंबर गेल्यापासून वरचा म्हणजे कपाट, आणि त्याची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

बायको त्याला याच धंद्यात मिळाली. ती काचसामान बांधायची. तिनं बांधलेली बशी फुटली असं आजवर कुणाच्या तोंडून निघालेलं नाही. खोकी उचलायलाही ती मागे नसायची. त्याची 'घे' ऐकली की तिचे हात आपोआप वर जायचे, आणि 'टेक' म्हटलं की गुडघे वाकायचे. घरी आल्यावर मात्र म्हणायची, "दिवसभर उंटावरून शेळ्या हाकल्यात, आता जरा भाजी चिरा." तो चिरायचा, आणि बाप बाहेरच्या खोलीत घसा खाकरायचा.

पहिल्या मुलीच्या वेळची गोष्ट अशी. हॉस्पिटलमध्ये नर्सनं सांगितलं, "तुम्ही बाहेर थांबा," आणि दार लावून घेतलं. कपाट थांबला. बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. हातात उचलायला काही नसलं की हा माणूस रिकाम्या पोत्यासारखा व्हायचा. तेवढ्यात फोन आला की एक पियानो चौथ्या मजल्यावर अडकलाय आणि पोरांना वळण जमत नाहीये. हा गेला. पियानो निघाला, आणि परत आला तेव्हा मुलगी आंघोळ घालून, गुंडाळून तयार होती. ऐनवेळी पळ काढलात, असं बायकोचं म्हणणं. कामाला गेलो होतो, असं त्याचं. खरं दोघांचंही होतं. ती यावरून भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती फक्त एकदा म्हणाली, "मी तुम्हाला हाक मारली होती," आणि पुन्हा तो विषय काढला नाही. चार वर्षं झाली, तरी कपाटाच्या मनातून ते वाक्य हललं नव्हतं. पियानो बरा, एकदा हलला की हलला.

तर दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "या वेळी घरी. आणि तुम्ही आत. दार लागेल तेव्हा तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला असायचं, आणि मूल होईपर्यंत तिथून हलायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

सगळं रीतसर होतं. शिकलेली, अनुभवी सुईण होती, तिनं तपासलं. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं. हॉस्पिटल गाडीनं जवळच. सुईणबाई बारीक चणीच्या, आवाजानं करड्या, आणि बॅगेत काय काय आहे ते स्वतःहून दाखवणाऱ्या. कपाटानं विचारलं, "मी नेमकं काय करायचं?"

"बसायचं," बाई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि काही नाही. बसणं जमतं का बघा आधी."

संध्याकाळी ही हकिगत बापाच्या कानावर गेली. मुकादम चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पुरुषानं आत जाऊन करायचं काय?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

"मग ते काय मोठं काम झालं! बसायला मी आहेच की घरात रिकामा." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही चौघं भावंडं घरातच झालात. मी कधी उंबरा ओलांडला नाही. बाईनं बाईचं करावं, पुरुषानं पुरुषाचं. तू आत जाऊन डोळे पांढरे केलेस तर ती सुईण कुणाकडे बघेल, तिच्याकडे की तुझ्याकडे?"

नेमकी हीच धास्ती कपाटाच्या मनात होती. टोळीत तर विचारूच नका. एकानं पाठीला बांधायचा पट्टा त्याच्या पोटाला लावून मापं घेतली. दुसऱ्यानं ट्रकमध्ये चढायला हात दिला, "सावकाश हं, अवघडलेला आहेस." कपाटही हसला. न हसून सांगतो कुणाला!

मग त्यानं आपल्याला जे येत होतं ते केलं. दिवस भरत आले तसा एका रविवारी त्यानं आतली खोली रिकामी करायला घेतली. पलंग, दोन कपाटं, टेबल, आरसा, पडद्याचा दांडा, सगळं बाहेरच्या खोलीत. न जाणो, स्ट्रेचर आणावं लागलं तर वाट मोकळी हवी. जिन्याच्या वळणांची मापं घेतली. ट्रक रस्त्याकडे तोंड करून लावला. आत फक्त जमिनीवर गादी, एक स्टूल आणि चार उघड्या भिंती उरल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, मी बाळंत होणार आहे की आपण घर सोडतोय?"

मुकादमाची खुर्ची आता बाहेर दोन कपाटांच्या मधल्या बोळात होती. तो तिथूनच म्हणाला, "विचार, विचार त्याला."

कळा सुरू झाल्या त्या पुढच्या आठवड्यात, भर सकाळी. मुलीला मावशीकडे पोचवलं. सुईणबाई आल्या, त्यांनी हात धुतले, बाळाचे ठोके ऐकले. दार लागलं आणि कपाट दाराच्या आतल्या बाजूला राहिला. इथपर्यंत कबुलीप्रमाणे सगळं झालं.

पुढे त्यानं खिडकी उघडली. मग ऊन येतंय म्हणून लावली. मग कोंदट होतंय म्हणून अर्धी उघडली. उशी झटकली. पाणी आणलं, ते कुणाला नको होतं, म्हणून परत नेऊन ठेवलं. सुईणबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो स्टुलावर टेकला आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. बायको भिंतीला कपाळ लावून उभी होती. कळ यायची, ती हळूहळू डोलायची, कळ जायची. मध्येच मान वळवून तो आहे ना, ते बघायची. तो आहे हे बघून तिला बरं वाटतंय, हे त्याला दिसत होतं. पण ते पटत नव्हतं. नुसतं असण्यानं कुणाला काय होतं? त्यानं आयुष्यात एकदाही नुसतं असण्याचे पैसे घेतले नव्हते.

दुपार कलायला लागली तशा कळा एकीवर एक यायला लागल्या. आणि मग एक अशी आली, की तिच्या पोटातून खोल, जाड आवाज निघाला. हा आवाज कपाटाच्या चांगल्या ओळखीचा होता. जड वस्तू जमिनीवरून सुटते त्या क्षणी उचलणाऱ्याच्या पोटातून हाच आवाज येतो, आणि तो ऐकला की वरच्यानं हाक द्यायची असते. कपाट ताडकन उठला आणि त्याच्या तोंडून ती निघालीच, "घे! घे! लाव जोर! सोडू नको, घे!"

इतकी वर्षं त्या हाकेवर उचलत आलेली बाई. तिनं दात आवळले आणि लावला जोर.

"थांबा!" सुईणबाई ओरडल्या. "कुणी सांगितलं जोर लावायला? फुंकर मारा, फुंकर! जोर नाही, नुसती फुंकर!" बायको फू फू करत राहिली, डोळे गच्च मिटून, आणि कळ ओसरल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला अरेतुरे केलं. "ए, गप्प बस ना तू! गप्प बस!"

सुईणबाईंनी तपासलं आणि उठल्या. "पिशवीचं तोंड अजून पुरतं उघडलेलं नाही. त्याआधी जोर लावला तर ते सुजतं, बाळाची वाट अडते. मग तुमचा तो ट्रक खरंच काढावा लागेल." त्यांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर."

"पण मी कबूल केलंय..."

"बाहेर."

बाहेरच्या खोलीत कपाटाला उभं राहायलाही जागा नव्हती. त्यानंच ती भरून ठेवली होती. पलंगाचा सांगाडा आणि आरसा यांच्या मधून अंग चोरत तो बापापाशी पोचला. मुकादमानं वर बघितलं. त्याला वाईट वाटलं असं म्हणवत नाही.

"आलास? बस. चहा आहे किटलीत राहिलेला."

कपाट उलट्या टेबलावर बसला. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं, म्हणून त्यानं मान फिरवली. आता हे दार पुन्हा उघडलं नाही तर काय, ते त्याला स्पष्ट कळत होतं. मूल होईल, देवाच्या दयेनं दोघं सुखरूपही असतील, आणि ती काहीएक बोलणार नाही. आयुष्यभर चांगली वागेल, बशा बांधेल, थट्टा करेल. पण पुन्हा कधी त्याला हाक मारणार नाही. दोनदा मारून झालेली असेल.

आतून आवाज आला. तोच, खोल. आत असताना तो आवाज इतका वाईट वाटला नव्हता, कारण तिची पाठ दिसत होती, मान दिसत होती, सुईणबाईंचा शांत चेहरा दिसत होता. बाहेर नुसता आवाज होता. मुकादमानं हात लांब करून रेडिओ लावला. आवाज वाढला तसा त्यानं रेडिओही वाढवला. बातम्या सांगणारा माणूस दोन कपाटांच्या मध्ये घसा फोडून ओरडायला लागला.

"बंद करा तो, बाबा."

"असू दे. बरं असतं."

"काय बरं असतं?"

"ऐकू येत नाही," म्हातारा म्हणाला.

कपाटानं उठून रेडिओ बंद केला. मग दोघंही ऐकत बसले. बापाचा हात खुर्चीच्या दांड्यावर असा आवळलेला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्या हातानं भल्या भल्या तिजोऱ्या उतरवल्या होत्या. कपाटानं तो हात असा कधी बघितला नव्हता.

"तुमच्या वेळी रेडिओ नव्हता," मुकादम समोरच्या पलंगाकडे बघत म्हणाला. "मी मागे जाऊन लाकडं फोडायचो. लाकडं संपायची. आवाज संपायचा नाही."

तेवढ्यात दार उघडलं. सुईणबाई. "चला, बोलावतेय तुम्हाला. पण तिची अट आहे, तोंड उघडायचं नाही."

कपाट उठला. पाय लटपटत होते. आरशाला धक्का लागता लागता राहिला.

"जातोयस?" बाप म्हणाला. "पाय बघ जरा तुझे."

"असू देत तसेच," कपाट म्हणाला आणि आत गेला.

सुईणबाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, गुडघे फाकवायला लावले, आणि बायकोला त्याच्या पुढ्यात उकिडवं बसवून तिची पाठ त्याच्या छातीला टेकवली. त्याचे हात तिच्या काखांखालून घेतले. "हे असं धरायचं. ती लटकली तरी सोडायचं नाही. बाकी सगळं ती आणि मी बघू." मग तिला म्हणाल्या, "आता उघडलंय पुरतं. आता लावा जोर, वाटेल तसा."

कपाटाच्या नाकासमोर तिचे ओले केस आणि एक कान होता. बाकी काही दिसत नव्हतं. बाळ कुठवर आलंय, वाट आहे की नाही, सुईणबाईंच्या कपाळावर आठी आहे की हसू, काही नाही. ती जोर लावायची तेव्हा तिचं सगळं अंग त्याच्या हातांवर यायचं, आणि तो नुसता धरून राहायचा. बऱ्याच वेळानं त्याला उमगलं की आज तो खालचा आहे. बापानं पोरवयात त्याला खालचा म्हणूनच उभं केलं होतं, आणि तेव्हाही तो असाच घाबरायचा. वरचा झाल्यावर ते विसरला. वजनाचं काही नव्हतं. याहून कितीतरी जास्त त्यानं रोज उचललं होतं. पण ते सगळं त्याच्या हातातलं होतं. हे त्याच्या हातांत होतं आणि त्याच्या हातातलं नव्हतं. ती मरेल, असं त्याला मध्येच अगदी साफ वाटलं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही. तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि धरून ठेवलं.

"आहेस ना?" ती दोन कळांच्या मधल्या जागेत पुटपुटली.

बोलायची बंदी होती, म्हणून त्यानं मान हलवली. तिला ती केसांवर कळली असावी.

मग एका लांबलचक जोरानंतर सुईणबाई "हां, हां, आता हळू," म्हणाल्या, काहीतरी ओलं सळसळलं, आणि खोलीत शांतता पसरली. आणि मग आतापर्यंत नव्हता असा एक चिरका, रागावलेला आवाज सुरू झाला. त्याबरोबर कपाटालाही रडू फुटलं, हुंदके देऊन, खांदे गदगदवून, मोठ्यानं.

"मुलगी आहे," सुईणबाई म्हणाल्या. "आणि दोघांनी एकदम रडू नका, कुणाला आधी घेऊ मी?"

बायको हसायला लागली. हसता हसता मागे हात नेऊन तिनं त्याचा गाल चाचपला, तो ओला होता. तिनं तो पुसला नाही. हात तसाच ठेवला.

वार पडली, सगळं पुसून आवरून झालं, दोघी ठीक आहेत असं सुईणबाईंनी सांगितलं, तेव्हा कपाट बाहेर आला. डोळे सुजलेले, नाक लाल, सदऱ्याची बाही भिजलेली. बाप आता काय म्हणेल ते त्याला पाठ होतं. म्हणू दे, असंही त्यानं मनाशी ठरवलं होतं.

मुकादम उभा होता. कमरेचं दुखणं घेऊन तो बाहेर काढलेल्या एका लाकडी कपाटाला टेकून उभा होता, किती वेळ ते देव जाणे. मुलगा की मुलगी हेही त्यानं विचारलं नाही.

"कसं असतं रे आत?" त्यानं विचारलं.

कपाटाला आधी कळेचना की बाप थट्टा करतोय की काय. मग तो म्हणाला, "मला काही दिसलं नाही, बाबा. मी मागून धरलं होतं फक्त."

"घाबरलास?"

"हो. खूप." आणि आता लपवायचं काय राहिलंय म्हणून पुढे म्हणाला, "रडलोसुद्धा."

"ऐकलं मी." म्हातारा म्हणाला, "मला वाटायचं, भीती फक्त मलाच वाटते. बाकीचे पुरुष मजेत असतात." मग म्हणाला, "तुझ्या पाठचा भाऊ राहिला नाही, ठाऊक आहे ना? ते मला दार किलकिलं करून सांगितलं. दार पुन्हा लावलं. मी उरलेली लाकडं फोडली. रात्री तुझी आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. काय बोलावं ते मला कळलं नाही. मग पुढे कधीच बोललो नाही."

कपाटानं बापाच्या दंडाला धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

आतून बायकोचा आवाज आला, दमलेला पण खणखणीत. "बाबा, बाहेर का उभे? या की आत. बघा नात."

मुकादम उंबऱ्यापाशी जाऊन थांबला. घर त्याचं, खोली त्याची, पण पाय उचलेना. कपाटानं दंड सोडला नाही, ओढलंही नाही. शेवटी म्हाताऱ्यानं एक पाय आत टाकला, मग दुसरा. गादीवर ती पांघरूण घेऊन भिंतीला टेकून बसली होती आणि कुशीत ते गाठोडं. तिनं गाठोडं दाखवायला पुढे केलं, पण मुकादम त्याच्याकडे बघत नव्हता. तो सुनेकडे बघत होता.

"फार दुखलं का गं?" त्यानं विचारलं.

सुईणबाई बॅग भरता भरता थांबल्या. सुनेनं गाठोडं पुन्हा कुशीत घेतलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं ना, बाबा. खूप दुखलं," ती म्हणाली. "बसा. सांगते."

कपाटानं बाहेरून खुर्ची आणून ठेवली. म्हातारा बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि सून त्याला सकाळच्या पहिल्या कळेपासून सगळं सांगायला लागली.